वर्षाच्या नावावर माझा आजार

हे मी पुरुषांसाठी लिहितो आहे, आणि त्यातही ज्यांना बहिणी आहेत त्यांच्यासाठी. मला स्तनाचा कर्करोग झाला होता. लिहिताना हे वाक्य सोपं वाटतं. पण थोरल्या बहिणीसमोर ते उच्चारायला मला अख्खा हिवाळा आणि अर्धा उन्हाळा लागला. तेवढ्या काळात तिच्या शरीरात काय चाललं होतं हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. किती उशीर, हे डॉक्टर अजूनही ठामपणे सांगत नाहीत.

ऑपरेशन, गोळ्या, तपासण्या यांची माहिती कुठेही मिळेल. मी काय लपवलं आणि त्यामुळे काय झालं, तेवढंच सांगणार आहे.

*

मी बियाण्यांच्या प्रमाणीकरणाचं काम करतो. अमरावती जिल्ह्यात हरभऱ्याचे, तुरीचे बीजोत्पादनाचे प्लॉट फिरून पाहायचे, वेगळ्या जातीचं झाड दिसलं की उपटायला लावायचं, दोन प्लॉटमध्ये पुरेसं अंतर सोडलंय की नाही ते बघायचं. हिवाळ्यात दिवसभर हरभऱ्यातून चालावं लागतं. हरभऱ्याच्या पानांवर आंब, म्हणजे आंबट खार, असते, ती कपड्यांना लागते आणि डाग पडतात. त्यामुळे वर्षाने, माझ्या बायकोने, बनियन समोर धरून विचारलं तेव्हा मी वर न पाहताच उत्तर दिलं.

"अवो, हा कायचा डाग हाय?"

"आंब लागली असन."

"आंब शर्टाले लागते. शर्ट तर कोरा हाय. बनियनलेच कशी लागली?"

डाग डाव्या बाजूला होता, तांबूस. तिने मला समोर उभं केलं आणि बनियन वर करायला लावली. डावं बोंड आत ओढलं गेलं होतं. ते मला माहीत होतं. बरेच महिने माहीत होतं. वय झालं, अंग सुटलं, असं मी स्वतःला सांगत होतो. वर्षाने बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. त्या बोटाखाली हरभऱ्याएवढं नव्हे, चांगलं सुपारीएवढं काहीतरी होतं.

*

अमरावतीच्या डॉक्टरांनी मॅमोग्राफीला पाठवलं. बाहेरच्या बाकड्यांवर सगळ्या बायका. मी वर्षाच्या शेजारी बसलो. आत नाव पुकारलं गेलं ते माझं, पण दारातल्या नर्सने हात केला वर्षाला. वर्षा उठली, मग थांबली, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली होती.

"पेशंट कोण हाय?" नर्स म्हणाली.

मी उठलो. बाकड्यावर कुजबुज झाली. आत मशीनवरची मुलगी माझ्या लेकीच्या वयाची असेल. माझ्याने शर्टाची बटणं निघत नव्हती. ती म्हणाली, "काका, लाजू नका. मशीनला काही बाई-माणूस कळत नाही." आणि खरंच, तिने इतक्या सवयीने काम केलं की तेवढी दहा-पंधरा मिनिटं मी फक्त एक आजारी माणूस होतो. त्या आजारपणातलं ते सर्वांत सोपं ठिकाण होतं, हे तेव्हा कळलं नाही.

बाहेर आलो तर आमच्या कॉलनीतल्या काकू वर्षासमोर उभ्या. त्यांच्या सुनेला घेऊन आल्या होत्या.

"काहून वो वर्षा, इथं काहून? कोणाची तपासणी हाय?"

मी तोंड उघडलं होतं. काय सांगणार होतो ते आठवत नाही. वर्षा म्हणाली, "माही."

एवढंच. माझी मान खाली गेलेली तिला पाहवली नाही म्हणून ती बोलली. आणि मी काकूंना म्हणालो, "हो, जरा शंका आहे, बघू." आजाराचं नाव कळायच्या आधीच तो तिच्या अंगावर गेला होता.

*

ऑपरेशन नागपूरला झालं. जाताना मोझरीला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, आणि मी खिडकीशी बसून कोणी ओळखीचं दिसतं का ते पाहत होतो. कॅन्सरपेक्षा मला त्या क्षणी ओळखीच्या माणसाची जास्त भीती वाटत होती. हे आज लिहितानाही खरं वाटत नाही, पण तसंच होतं.

वॉर्ड बायकांचाच होता, म्हणून मला वेगळ्या कोपऱ्यात, पडदा लावून ठेवलं. पडद्याच्या पलीकडून आवाज येत. कुणाचं मूल घरी रडत होतं, कुणाचा नवरा अजून आला नव्हता, कुणी डब्यातली भाजी वाटत होतं. एक बाई रोज सकाळी पडद्याच्या बाहेरून विचारायची, "भाऊ, झोप लागली का?" मी "हो" म्हणायचो. तिचा चेहरा मी कधी पाहिला नाही. पडदा बाजूला करायची माझी हिंमत झाली नाही.

ऑपरेशननंतर बगलेतून एक नळी बाहेर काढलेली असते, तिला डबी जोडलेली असते. ती घेऊन मी घरी आलो, सैल शर्ट आणि वर शाल. ऑफिसात सांगितलं, मोटरसायकलवरून पडलो, खांदा दुखावला. हात गळ्यात बांधला होता, त्यामुळे सगळ्यांना पटलं. आणि कॉलनीत, नातेवाइकांत, अकोल्याला ताईकडे, सगळीकडे पोचलं की वर्षाचं ऑपरेशन झालं.

*

ताईबद्दल सांगायला हवं. सुमनताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमची आई मी प्राथमिक शाळेत असताना गेली. घरात सांगत, धाकटं बाळ गेलं, दूध आत साकळलं आणि छाती पिकली. मला त्या खोलीत येऊ देत नसत. पट्टी बदलायचं काम ताईकडे होतं, आणि नंतर मी ताईकडे होतो. माझी भाकर, माझं दप्तर, माझं तापातलं अंथरूण, सगळं तिचं. ती लग्न होऊन अकोल्याला गेली तेव्हा मी कॉलेजात होतो तरी रडलो होतो. तिचा एकुलता एक मुलगा वैभव आणि माझी मुलगी प्राजक्ता यांचं लग्न करायचं हे घरात कधीचंच बोललं गेलं होतं. आमच्यात मामाची मुलगी करतात. पोरांनाही ते मान्य होतं, म्हणजे नुसतं मान्य नव्हतं, दोघं तासन् तास फोनवर असत.

वर्षाचं कळल्यावर ताईचा फोन आला.

"मी येऊन राहिली. वर्षाले अंथरुणावरून उठू देऊ नको."

"नको ताई. गर्दी नको म्हणतात डॉक्टर."

"मी गर्दी हाय काय रे?"

मी तिला येऊ दिलं नाही. आली असती तर एका दिवसात सगळं उघडं पडलं असतं.

ते दिवस आमच्या घरात कसे गेले ते सांगतो. वर्षा धडधाकट होती आणि घराबाहेर पडू शकत नव्हती. भाजी आणायला गेली तर कोणी म्हणे, "अवं, इतक्या लवकर उठली?" म्हणून ती पदर घट्ट लपेटून हळू चालायला शिकली. बायका दुपारी बसायला येत, तिच्या छातीकडे पाहत आणि लगेच नजर वळवत. मी आतल्या खोलीत पडून ते ऐकत असे. कुणी गोमूत्र सांगे, कुणी गव्हांकुराचा रस. एकदा एक बाई म्हणाली, "नवरा चांगला हाय वो तुहा, सोडून नाही गेला." वर्षा म्हणाली, "हाव, लय चांगला हाय." त्या दिवशी तिने मला जेवायला वाढलं नाही. ताट झाकून ठेवलं आणि माळ्यावरचे डबे काढून घासत बसली.

प्राजक्ताला खरं माहीत होतं. घरात राहणारी मुलगी, तिच्यापासून काय लपणार? मी तिला शपथ घातली होती की आत्याला, वैभवला, कुणालाही बोलायचं नाही. तिने शपथ पाळली, पण वैभवचे फोन घेणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणाली, "बाबा, त्याच्याशी मला खोटं बोलता येत नाही. मग काय बोलू?"

मेडिकलवाला रोजच्या गोळ्यांची स्ट्रिप पुढे करताना दर वेळी विचारायचा, "वहिनी कशा हायत आता?" या गोळ्यांनी अंगाला एकदम घाम फुटतो, कान तापतात. बायकांना पाळी जाताना होतं तसं. मला तो घाम सुटायचा तेव्हा मी सांगायचो, उकडतंय. उन्हाळा लागत होता. अमरावतीच्या उन्हाळ्यात कुणाच्याही घामाचं कारण कोणी विचारत नाही, ही एक सवलत मला मिळाली.

*

नागपूरच्या डॉक्टर बाईंनी पहिल्याच भेटीत आईबद्दल विचारलं होतं. मी दूध साकळल्याचं सांगितलं. त्यांनी किती दिवस आजारी होती, जखम कशी होती, वय काय होतं, असं सगळं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "तो बहुतेक कर्करोगच होता. पुरुषाला हा आजार झाला की मी घराण्याची तपासणी करायला सांगतेच." रक्त दिलं. पुढच्या भेटीत त्यांनी सांगितलं की दोष माझ्या रक्तात आहे, आईकडून आलेला, आणि ताईकडेही असण्याची शक्यता निम्मी आहे.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे मामाची मुलगी करतात का?"

वर्षा म्हणाली, "आमच्या पोरीचं यायच्या भाच्यासोबतच ठरलं हाय."

डॉक्टर पेन खाली ठेवून बोलल्या. दोष एकाच बाजूने आला तर मुलाला पुढे मोठेपणी धोका. पण आईबाप दोघांकडूनही तोच आला तर बाळ लहानपणीच रक्ताच्या भयंकर आजाराचं निघू शकतं. मला जास्त समजावून सांगावं लागलं नाही. दोन प्लॉटमध्ये अंतर का सोडायचं हे मी आयुष्यभर शेतकऱ्यांना सांगत आलो.

"लग्न मोडा असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "आधी दोन्ही मुलांची तपासणी करा. आणि त्याच्याही आधी बहिणीला घेऊन या. हे महत्त्वाचं आहे. तुमची गाठ सावकाश वाढणारी आहे, गोळ्यांना दाद देणारी. पुरुषांची बहुधा अशीच असते. पण त्यावरून बहिणीचं ठरवू नका. बाहेरच्या देशांतल्या पुस्तकांत या आजाराच्या बायका साठीच्या असतात. माझ्याकडे चाळिशीतल्या येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींची गाठ वेगळ्याच जातीची असते. या गोळ्या तिला लागू पडत नाहीत, आणि ती वाट पाहत नाही. एकाच आईच्या लेकरांत, एकाच दोषातून, भावाची गाठ एक तऱ्हेची आणि बहिणीची दुसऱ्या तऱ्हेची असू शकते."

हे सगळं मी ऐकलं. पण घरी येईपर्यंत माझ्यापाशी एकच वाक्य उरलं होतं: सावकाश वाढणारी. माझी गाठ वर्षभर बनियनखाली होती आणि तरी मी वाचलो. मग ताईचंही, असलंच तर, थांबेल थोडं. उन्हाळा होऊ दे. नळीची जखम भरू दे. हरभऱ्याची काढणी, प्रमाणपत्रांचं काम संपू दे. मी माझ्या गाठीच्या चालीने ताईचे दिवस मोजत होतो. संकरित बियाण्याच्या प्लॉटमध्येही नर ओळ आणि मादी ओळ वेगवेगळ्या दिवशी फुलतात, हे ज्याला शिकवावं लागत नाही त्या माणसाने ही चूक केली.

वर्षा रोज विचारायची, "फोन केला काय ताईले?"

"करतो."

"अवो, त्यायच्या जिवाचं हाय. माह्या नावाचं राहू द्या, त्याची मले सवय झाली."

सांगितलं तर तीन गोष्टी एकदम पडणार होत्या. मला बायकांचा आजार झाला हे सगळ्या गोताला कळणार, वर्षाला आम्ही खोटी रोगी बनवलं हे उघड होणार, आणि पोरांचं लग्न. नाही सांगितलं तर काय होणार ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी दोन्हीच्या मधे बसून राहिलो. रोज फोन हातात घ्यायचो आणि हवामान बघायचो.

*

शेवटी ताईनेच बोलावलं. "सोयरिकीचं जरा बोलायचं हाय. एकटाच ये."

मूर्तिजापूरवरून बस अकोल्यात शिरली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. ताईने पन्हं दिलं. कूलरसमोर माझी खुर्ची सरकवली. भाऊजी पेपर घेऊन दिवाणावर बसले होते. वैभव दुकानात होता.

ताईने पदराने तोंड पुसलं. "पाह्य, मी तुले बहीण म्हणून सांगून राहिली. वर्षावर माहा राग नाही. त्या बिचारीनं काय केलं? पण तिच्या माहेरच्या रक्तात हाय म्हणल्यावर ते पोरीत येते का नाही? वैभव माहा एकटा पोरगा हाय."

"ताई, वर्षाच्या माहेरात काही नाही."

"तिले झालं ना?"

"तिले नाही झालं. मले झालं होतं."

भाऊजींनी पेपर खाली केला. "काय झालं होतं तुले?"

"छातीचा कॅन्सर."

ताई माझ्याकडे पाहत राहिली आणि मग हसली. रागाने नाही, कीव आल्यासारखं. "बायकोले वाचवाले काहीबी बोलशीन काय रे? बाप्याले कुठं होते तो?"

"पोरीची सोयरीक टिकवाले लोकं पाया पडतात," भाऊजी म्हणाले, "हा तर बाईचा रोग आपल्या अंगावर घेऊन राहिला. कमाल हाय बुवा." त्यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं.

इतके महिने खोटं बोललो ते सगळ्यांनी खरं मानलं. आणि खरं बोललो ते खोटं ठरलं. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सांगू लागलो, रक्त, दोष, आई. ताई मान हलवत होती, लहानपणी मी मार्कांबद्दल थापा मारायचो तेव्हा हलवायची तशी. मग मी उठलो आणि शर्टाची बटणं काढली.

डाव्या बाजूला माझी छाती सपाट आहे. बोंड नाही. बगलेपर्यंत एक आडवा वण आहे, तेव्हा तो ताजा आणि जांभळा होता. डॉक्टर आणि वर्षा सोडून तो कुणी पाहिला नव्हता. भाऊजींनी तोंड फिरवलं आणि उठून उगाच कूलरमध्ये पाणी आहे का ते पाहू लागले.

ताई जवळ आली. वणाला हात लावला नाही. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "आईचं दूध नव्हतं साकळलं."

"नाही."

"असंच कातडं व्हतं वो तिचं. कडेले असंच ओढल्यासारखं." ती कुणाशी बोलत होती कळत नव्हतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आपल्या आईचं दुखणं तू त्या पोरीच्या माहेरावर घातलं?"

मी म्हणालो, "ताई, तुले उद्याच तपासणी कराले लागते. तुह्यातही असू शकते."

ती खुर्चीत बसली. मांडीवर हात ठेवून म्हणाली, "मले हाताले लागून राहिलं."

"काय लागून राहिलं?" भाऊजी कूलरपासून वळले.

"गाठ. वर्षाचं आईकलं त्या रोजी मी रात्री चाचपून पाहिलं. लागली. मंग मीच मले म्हणलं, दुसरीचं आईकून तुह्या मनात भरलं. आपल्या रक्तात कुठं हाय हे? तिच्या माहेरचं हाय. हाताले लागत होतं, पण मी म्हणलं मनाचंच हाय."

भाऊजी तिथेच जमिनीवर बसले. शर्ट उघडा ठेवून मी उभा होतो.

*

ताईची गाठ माझ्या गाठीसारखी नव्हती. माझ्या गोळ्या तिला लागू पडत नव्हत्या. आधी सलाईनमधून औषधं, मग ऑपरेशन, मग पुन्हा औषधं, असं ठरलं. बगलेतही पसरलं होतं. रक्तातला दोष तोच निघाला. मी डॉक्टर बाईंना एकट्याने गाठून विचारलं, "मी वेळेवर सांगितलं असतं तर?" मला वाटतं, मला त्यांनी चांगलं फटकारावं असं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "तेव्हा गाठ लहान असती. यापेक्षा जास्त मी सांगू शकत नाही." फटकारलं असतं तर बरं झालं असतं.

ताईने माझ्याशी बोलणं सोडलं. वर्षा तिच्याकडे राहायला गेली. आता वर्षा खरोखर आजारपणात होती, दुसऱ्याच्या. ती ताईला पेज भरवायची, डोकं पुसायची, गळलेले केस उशीवरून उचलायची. मी शनिवारी जायचो आणि ओसरीत बसायचो. आतून त्यांचं बोलणं ऐकू यायचं.

"तू काहून झाकलं वो त्याले?"

"मले वाटलं दोन दिवसांचं हाय."

"मारायचं ना एक थोबाडीत."

"मारली असती, पण टाके होते."

मग दोघी हसल्या. ताईला हसताना खोकला आला. ओसरीत मी एकटाच होतो, पण कितीतरी दिवसांनी मला नीट श्वास आला.

तिसऱ्या सलाईनला वर्षाला ताप होता म्हणून मी सोबत गेलो. तासभर ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मग न वळताच म्हणाली, "थेंब थांबला पाह्य." मी नर्सला बोलावलं. नळी नीट झाली. मग, "पाणी दे." मी दिलं. त्या दिवशी एवढंच बोलणं झालं. घरी जाऊन मी ते वर्षाला दोनदा सांगितलं.

पोरांचं सांगतो. दोघांनी तपासणी केली, आम्हाला न विचारता, एकत्र जाऊन. प्राजक्तात दोष आहे. वैभवमध्ये नाही. म्हणजे लग्नाला डॉक्टरांची हरकत उरली नाही. ताईनेच पुन्हा शब्द टाकला. प्राजक्ता म्हणाली, "आत्या, मला आता दर वर्षी तपासणी करावी लागणार. मला जरा माझ्या शरीराशी राहू द्या. वैभव थांबतो म्हणाला तर थांबेल." आमच्या घरात इतकं स्पष्ट कुणी बोललं नव्हतं. तिला हा वारसा माझ्याकडून आला, हा विचार मी रोज करतो. ती म्हणते, बाबा, आजीलाही कुणीतरी दिला असेल. त्याने मला हलकं वाटत नाही, पण ती ते म्हणते.

*

ऑपरेशनची तारीख लागली त्या आठवड्यात ताई म्हणाली, "पातूरले जायचं हाय. गाडी काढ."

"तुह्यानं होईन काय?"

"मावशीच्या पोरीले कोण सांगणार हाय? आईचं आलं तसं मावशीचं नसन आलं काय? अन् सांगायचं तू. मी बसून राहीन."

मंदा ही आमची मावसबहीण. चाळिशीची, दोन मुली शाळेत. तिने आम्हाला पाहून उंबऱ्यातच हात जोडले, मग ताईच्या डोक्याचा स्कार्फ पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. तिचा नवरा शेतातून आला होता, पाय धुऊन दारात टेकला.

"वर्षा बरी हाय ना आता?" मंदाने मला विचारलं. पातूरपर्यंतही तेच पोचलं होतं.

ताई माझ्याकडे पाहत होती.

"वर्षाले काही नव्हतं झालं," मी म्हणालो. "मले स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं. आता ताईले हाय. आमच्या आईले तोच होता. तो रक्तातून येते. मावशीकडून तुह्यातही आला असू शकते."

मंदाचा नवरा फुसकन हसला. "माणसाले? तिथं?"

"हासून घ्या जवाईबुवा," ताई म्हणाली. "नाही तर शर्ट काढाले लावतो त्याले. मले त्यानं तसंच पटवलं."

त्याने हसू आवरलं. मंदाची धाकटी शाळेतून आली, दप्तर टाकून पाणी पिऊन पुन्हा बाहेर गेली. तिला जाताना मंदा पाहत होती. मग ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटलं. आम्ही तिघं बाहेर बसून राहिलो. आत बांगड्या वाजत होत्या, मग त्याही थांबल्या.

दार थोडं उघडलं. "ताई, मले काही समजून नाही राहिलं वो. तू पाह्य."

ताई भिंतीला धरून उठली. मी हात पुढे केला, तो तिने घेतला, उंबऱ्यापर्यंत, आणि सोडला. दार तिच्यामागे बंद झालं.

मंदाचा नवरा जमिनीकडे पाहत होता. हळूच म्हणाला, "भाऊ, पोरी दोन हायत मले."

"हो," मी म्हणालो. "त्यांनाही सांगावं लागेल. मोठ्या झाल्या की. तुम्हीच सांगा, माझ्यासारखं थांबू नका."

आतून ताईचा आवाज आला. दमलेला, पण लहानपणी मला अंघोळ घालताना असायचा तसा ठाम.

"हात वर कर. अजून वर."